वसतिगृहांस सुटी कशासाठी?

एप्रिल महिना अर्धा सरला की महाविद्यालयांच्या वसतिगृहांत फलकावर एक सूचना लागते. अमुक तारखेस सायंकाळी पाच वाजेपर्यंत सर्व विद्यार्थ्यांनी खोल्या रिकाम्या कराव्या, आपापले सामान न्यावे, किल्ल्या कार्यालयात जमा कराव्या. मागे राहिलेल्या सामानाची जबाबदारी वसतिगृहावर राहणार नाही. दिवाळीच्या तोंडावर हीच सूचना, तारीख तेवढी बदलून, पुन्हा लागते. बहुसंख्य मुलांस ती वाचून आनंदच होतो. सामानाची बांधाबांध होते, एस. टी. स्थानकावर झुंबड उडते आणि दोन दिवसांत सारी इमारत ओस पडते. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तीत विचार करण्याजोगे काही असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आम्हांस मात्र त्या सूचनेत न लिहिलेले एक वाक्य दिसते. ते असे की, प्रत्येक विद्यार्थ्यास जावयास घर आहे, ते घर त्या दिवशी उघडे आहे, आणि तेथे गेल्याने त्याचे काही बिघडणार नाही. पुष्कळांच्या बाबतीत हे वाक्य खरेच आहे. ज्यांच्या बाबतीत ते खरे नाही, त्यांच्याविषयी आज दोन शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम दिवाळीचीच सुटी घ्या. बीड जिल्ह्यातील व त्याच्या आसपासच्या तालुक्यांतील हजारो कुटुंबे दरसाल ऊसतोडीस जातात. कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलापर्यंत चालतो. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते, तेव्हा दसरा आटोपला की दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. घरास कुलूप लागते, आणि राहिलाच तर एखादा थकलेला आजा किंवा आजी गावात मागे राहते. अशा घरातील मुलगा पुण्यास वा छत्रपती संभाजीनगरास महाविद्यालयात शिकत असेल, तर दिवाळीच्या सुटीत त्याने कोठे जावे? गावी जावे तर दार बंद. आईबापांकडे जावे तर ती कोणत्या तरी कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत राहिलेली. त्या कोपीत त्यास निजावयास जागा मिळेल, नाही असे नाही; परंतु एकोणीस वर्षांचा धडधाकट मुलगा फडावर आला म्हणजे त्याच्या हाती कोयता यावयास किती वेळ लागतो? उचल फिटावयाची असते, बापाची पाठ दुखत असते, आणि मुलासही नुसते बसून खाणे लाजिरवाणे वाटते. पुढील सत्र उघडते त्या दिवशी तो परततोच असे नाही. परतला तरी आठ-पंधरा दिवस उशिरा परततो, आणि हजेरीच्या नियमात अडकतो.

विशेष हे की, शाळेतील मुलांच्या बाबतीत ही अडचण सरकारच्या ध्यानात आलेली आहे. मजूर स्थलांतर करतात त्या काळात त्यांच्या मुलांस गावातच ठेवून शाळेत टिकवावे, यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली. पुढे २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. ह्या कल्पनेतील शहाणपण असे की, मुलाच्या निवाऱ्याची मुदत शाळेच्या पंचांगावरून न ठरविता त्याच्या आईबापांच्या कामाच्या पंचांगावरून ठरविली. तोच मुलगा चार वर्षांनी महाविद्यालयात आला म्हणजे मात्र हे शहाणपण संपते आणि दिवाळीस त्याच्या हाती वळकटी दिली जाते.

आता ज्यांस घरच नाही अशांचा विचार करू. बालगृहात वाढलेल्या मुलास अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे तेथून बाहेर पडावे लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने त्यापुढील काळासाठी, सामान्यतः एकविसाव्या वर्षापर्यंत, अनुरक्षणाची तरतूद केली आहे. परंतु अनुरक्षणगृहे मोजक्याच ठिकाणी आहेत. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने अनाथांसाठी शिक्षणात व नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण ठेवले, आणि त्या निर्णयाचे सर्वांनी योग्य स्वागत केले. त्या एक टक्क्यातून जो मुलगा महाविद्यालयात आला, त्यास वसतिगृहात खोली मिळाली, आणि दहा महिने तो इतरांसारखाच राहिला. मे महिन्यात त्याचे सोबती गावी गेले. तो कोठे गेला? कोणा मित्राच्या घरी आठ दिवस, दुसऱ्याच्या घरी चार दिवस; मग एखाद्या दुकानात काम धरून दुकानातच मुक्काम; तेही नसल्यास रेल्वेचा फलाट. प्रवेश देताना ज्या अर्जावर ‘अनाथ’ हा शब्द वाचून आपण त्यास जागा दिली, तोच अर्ज कार्यालयाच्या कपाटात असताना त्यास ‘घरी जा’ म्हणून सांगणे हे केवळ विसराळूपणाने होते, दुष्टपणाने नव्हे, हे आम्ही जाणतो. पण त्या मुलास ह्या दोहोंतील फरक कळून उपयोग काय?

इंग्लंडात हा प्रश्न कायद्याने सोडविला आहे. तेथील १९८९ च्या बालकविषयक कायद्यात २००० सालच्या दुरुस्तीने एक कलम आले. सरकारी देखरेखीखाली वाढलेला तरुण महाविद्यालयात किंवा तत्सम ठिकाणी पूर्ण वेळ शिकत असेल, आणि सत्रात मिळणारी त्याची राहण्याची जागा सुटीत त्यास मिळत नसेल, तर स्थानिक संस्थेने त्यास सुटीपुरती योग्य जागा द्यावी, नाही तर जागा मिळविण्यापुरता पैसा द्यावा, असे त्या कलमाचे तात्पर्य आहे. कायदा करणाऱ्यांनी ‘सुटी’ हा शब्द कलमात मुद्दाम घातला, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. कोणी तरी टेबलाशी बसून, ज्यास आई नाही बाप नाही अशा मुलाचे वर्ष महिन्यामहिन्याने डोळ्यांपुढे आणले असले पाहिजे. आमच्याकडे हे कलम जसेच्या तसे आणावे असा आमचा आग्रह नाही. तेवढी दृष्टी आली तरी पुष्कळ होईल.

मुलींच्या बाबतीत गोष्ट आणखी नाजूक आहे, आणि तिच्याविषयी उघड बोलण्याची आपल्याकडे चाल नाही. मे महिना हा लग्नसराईचा महिना. अकरावी-बारावीतील किंवा पदवीच्या पहिल्या वर्षातील मुलगी सुटीस घरी येते, पाहुणे येतात, ‘नुसते पाहून जाऊ द्या, ठरविण्याची घाई नाही’ असे म्हणत कांदेपोहे होतात, आणि जूनमध्ये तिची खोली दुसऱ्या मुलीस दिली जाते. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांची लग्ने अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी झालेली होती. म्हणजे पाचांतील एकीहून अधिक. अठराव्या वर्षानंतर, पण मुलीच्या मनाविरुद्ध, शिक्षण अर्धवट टाकून झालेली लग्ने ह्या आकड्यात येतच नाहीत. आम्ही आईबापांवर सरसकट आरोप करीत नाही. मुलीचे लग्न वेळेवर व्हावे ही काळजी कोणास चुकली आहे? परंतु ज्या मुलीस दोन महिने घरी जाण्याची भीती वाटते, आणि जी रेक्टरबाईंपाशी येऊन ‘मला येथेच राहू द्या, मी ग्रंथालयात काम करीन’ असे म्हणते, तिला नियमाचा कागद दाखवून एस. टी. त बसविणे हे वसतिगृहाचे काम आहे काय?

ज्यांची घरे दूर आहेत त्यांचे हाल सर्वांस दिसतात, म्हणून त्यांविषयी थोडक्यातच लिहितो. ईशान्येकडील विद्यार्थी पुण्यामुंबईस पुष्कळ आहेत. ३ मे २०२३ पासून मणिपुरात दंगली उसळल्या, त्या नेमक्या सुटीच्या दिवसांत. ज्यांच्या वस्त्या जळाल्या त्यांस ‘घरी जा’ म्हणणे म्हणजे काय ते सांगावयास नको. त्याच्याही आधी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. ज्या घरात पिण्याचे पाणी मोजून मिळते त्या घरात सुटीस आलेले आणखी एक माणूस हे ओझे होते, आणि ते त्या मुलास बोलून दाखवावे लागत नाही.

शिवाय आता अभ्यासक्रमच बदलला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवास श्रेयांक आहेत. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू इच्छिणाऱ्यास उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यवसायोपयोगी भाग पुरा करावा लागतो. असे काम कारखान्यात, पेढीवर, इस्पितळात, म्हणजे शहरात मिळते. तेव्हा एकाच संस्थेचा एक विभाग मुलास सांगतो की उन्हाळ्यात शहरात राहून काम शीक, आणि दुसरा विभाग सांगतो की उन्हाळ्यात शहर सोड. ज्याचे मामा वा काका शहरात आहेत तो शिकतो. दुसऱ्याने काय करावे? ‘कॉट बेसिस’वर जागा पाहावी म्हटले तर घरमालक अनामत मागतो आणि अकरा महिन्यांचा करार मागतो, दीड महिन्यासाठी कॉट द्यावयास त्यास परवडत नाही. येथे एक विपरीत गोष्ट ध्यानात येते. जो विद्यार्थी पैसे भरून खाजगी जागेत राहतो त्यास मे महिन्यात कोणी बाहेर काढीत नाही. गरीब म्हणून ज्यास वसतिगृहात घेतले, त्यासच काढले जाते.

वसतिगृह ही संस्था आमच्याकडे कोणासाठी निघाली, हे ह्या प्रसंगी आठवणे अवश्य आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्यास नेला. तेथे आलेल्या पुष्कळ विधवा मुलींस सासर बंद झालेले आणि माहेर नकोसे झालेले. अशा संस्थेस वैशाखात कुलूप लावण्याची कल्पना कोणाच्या स्वप्नातही आली नसती. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले आणि त्या नगरीस वसतिगृहांची जननी हे नाव मिळाले; १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९२५ साली डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास वसतिगृह चालविले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह चालू केले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत व अंगमेहनत करीत. आणि धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. ह्या मंडळींनी नुसती निजण्याची सोय केली नव्हती. गाव, जात किंवा दारिद्र्य ज्यास शिकू देत नाही, त्यास त्यांच्या तावडीतून वर्षभर बाहेर ठेवणारी जागा त्यांनी उभी केली होती. पुढे वसतिगृहे महाविद्यालयांस जोडली गेली, सुस्थितीतील मुलेही तेथे येऊ लागली, आणि सुस्थितीतील मुलांचे पंचांग हेच सर्वांचे पंचांग ठरले. असे आम्हांस वाटते; कोणी ठरवून हे केले असेल असे दिसत नाही.

आता व्यवस्थापकांची बाजू. ती पोकळ नाही. सुटीतच भिंतींस चुना लागतो, नळ दुरुस्त होतात, ढेकणांचा बंदोबस्त होतो. उन्हाळ्यात टँकर विकत घ्यावे लागतात. खानावळीचा कंत्राटदार पंचवीस मुलांसाठी चूल पेटवीत नाही. रात्री-अपरात्री काही घडले तर जबाबदार कोण, हा प्रश्न रेक्टरांस पडतो आणि तो पडणे योग्यच आहे. आणि एक गोष्ट विद्यार्थ्यांचा कैवार घेणारे लोक नेहमी विसरतात: आचारी, झाडूवाला व पहारेकरी ह्यांसही घर आहे, आणि मे महिन्यात त्यांच्याही गावी लग्ने असतात. त्यांची सुटी मोडून मुलांची सोय करा असे आम्ही कधीही म्हणणार नाही.

परंतु ह्या अडचणी सबंध इमारत उघडी ठेवण्याच्या आहेत. एक मजला उघडा ठेवण्याच्या नव्हेत. चुना लावणाऱ्यांस दिवाळीत एक बाजू आणि उन्हाळ्यात दुसरी बाजू दिली तर काम अडत नाही. राहणारी मुले एकाच मजल्यावर आणली म्हणजे पाणी, दिवे व पहारा सारेच आटोपशीर होते. नोकरांची सुटी आळीपाळीने देता येते, आणि ज्याची पाळी सुटीत येईल त्यास बदली रजा व जादा वेतन देता येते. आणि उन्हाळ्यात वसतिगृह चालविणे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने २०२० साल आठवावे. त्या मार्चमध्ये साथीमुळे जगभर वसतिगृहे घाईघाईने रिकामी झाली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १० मार्चला सांगून १५ तारखेपर्यंत विद्यार्थ्यांस जागा सोडावयास लावली. पुढे त्याच उन्हाळ्यात आमच्याकडील कित्येक वसतिगृहांच्या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या, आणि त्याच खोल्यांत, त्याच मे महिन्यात, पाणी आले, जेवण आले, पहारा आला. अडचण इमारतीची नव्हती हे तेव्हाच दिसून आले.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून हिशेबही मांडून दाखवितो. समजा, दोनशे मुलांचे वसतिगृह आहे आणि त्यांतील पंचवीस मुले उन्हाळ्यात चाळीस दिवस राहू इच्छितात. पहारेकरी, झाडूवाला व स्वयंपाकी मिळून तीन माणसे. प्रत्येकास चाळीस दिवसांचे वीस हजार रुपये धरले तर साठ हजार झाले. विजेस व पाण्यास पंधरा हजार धरू. एकूण पंचाहत्तर हजार. पंचवीस मुलांत चाळीस दिवसांवर वाटले तर शिधा सोडून दर मुलामागे रोजचे पंचाहत्तर रुपये पडतात. ज्यांस शक्य आहे ते हे आनंदाने देतील. पंचवीसांतील दहा अगदीच निराधार आहेत असे धरले तरी त्यांचा भार तीस हजारांचा होतो. एखादी मध्यम पेढी दिवाळीच्या मिठाईच्या डब्यांवर एवढे सहज खर्च करते. आणि ते डबे, खरे सांगावयाचे तर, ज्यांच्याकडे आधीच चार डबे आलेले असतात त्यांच्याकडेच जातात. कोणता व्यापारी आपले गुदाम दरसाल दोन महिने रिकामे ठेवून बाहेर माल पावसात भिजू देईल?

सरकारकडेही मागणे आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली, आणि त्याच सुमारास आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना. भोजन, निवास व निर्वाह ह्यांसाठी विद्यार्थ्याच्या खात्यात रक्कम जमा करण्याचे तत्त्व ह्या योजनांनी मान्य केले आहे. हेच तत्त्व सुटीस लागू करावे. ज्याचे वसतिगृह सुटीत बंद राहते आणि ज्यास जावयास सुरक्षित घर नाही, त्यास त्या दिवसांपुरता निवासभत्ता मिळावा, किंवा त्याच शहरातील एखादे वसतिगृह सुटीपुरते सर्वांसाठी उघडे राहावे. पाच महाविद्यालयांनी मिळून एक इमारत चालविली तर प्रत्येकावर पडणारा भार नाममात्र होईल. मुलींसाठी ती इमारत वेगळी असावी आणि तेथे रात्री राहणारी बाई असावी, एवढे मात्र ह्या बाबतीत आवश्यक समजले पाहिजे.

आणि हे सारे कृपा म्हणून होऊ नये. आजही पुष्कळ ठिकाणी एखादा दयाळू रेक्टर दोन-चार मुलांस गुपचूप राहू देतो. त्याचे उपकार ती मुले जन्मभर विसरत नाहीत. परंतु अशा सोयीत मुलाने आपले घरचे दुःख अधिकाऱ्यापुढे उघडे करावयाचे असते, आणि ज्यास तोंड उघडता येत नाही तो तसाच निघून जातो. प्रवेशाच्या अर्जातच एक ओळ छापावी: दिवाळीत व उन्हाळ्यात आपणांस येथे राहावयाचे आहे काय? उत्तरास कारण विचारू नये. म्हणजे किती मजले उघडे ठेवावयाचे, किती शिधा भरावयाचा, हे व्यवस्थापकांस जूनमध्येच कळेल आणि एप्रिलात कोणाची धावपळ होणार नाही.

प्रवेशाचे अर्ज लवकरच छापावयास जातील. महाविद्यालयांच्या नियामक मंडळांवर आमच्या शहरातील कित्येक प्रतिष्ठित व्यापारी व वकील आहेत. त्यांनी पुढील सभेत प्राचार्यांस एवढाच एक प्रश्न विचारावा, की मागील उन्हाळ्यात आपल्या वसतिगृहातील किती मुलांनी राहू देण्याची विनंती केली होती आणि त्यांतील किती जणांस नाही म्हणावे लागले. आकडा तयार नसल्यास, वसतिगृहात अजून मुले आहेत तोवर तो मोजून घ्यावा.